राजनय हा आमच्या तालुक्याचाही विषय आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीत पदवीसाठी निवडता येण्याजोग्या विषयांची माहिती देताना आंतरराष्ट्रीय संबंध आणि राजनय (डिप्लोमसी) या विषयाला जेमतेम चार ओळी मिळाल्या. नागरी सेवा परीक्षेला हा पर्यायी विषय म्हणून घेता येतो आणि परराष्ट्र सेवेत जाऊ इच्छिणाऱ्यांना तो उपयोगी पडतो, एवढाच त्या ओळींचा आशय होता. माहिती चुकीची नाही. पण ती वाचून एखाद्या गावातील मुलगा किंवा मुलगी हा विषय आपल्यासाठी नाही असे समजून पान उलटेल, आणि तेच मला अस्वस्थ करते. भारतीय परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांची संख्या सगळी मिळून हजाराच्या आसपास आहे आणि दरवर्षी देशभरातून त्या सेवेत जातात ती काही डझन मुले. विषयाची उपयुक्तता तेवढ्या जागांवर मोजायची असेल तर तो बंद केलेलाच बरा. निफाड तालुक्यातील एका महाविद्यालयात 27 वर्षे राज्यशास्त्र शिकवल्यानंतर माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे, आणि ते का झाले हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

2010 सालचा द्राक्षहंगाम आमच्या भागात कोणीही विसरलेले नाही. युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि कंटेनरमागून कंटेनर अडकले. हे औषध आमच्याकडे ‘सीसीसी’ म्हणूनच ओळखले जाते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची अवाजवी वाढ थांबावी आणि काडीत घड धरावा म्हणून ते फवारण्याची पद्धत होती. फवारणी आणि काढणी यांत आठ-दहा महिन्यांचे अंतर असल्याने त्याचा अंश मण्यात उतरेल अशी शंका बागायतदारांच्या मनाला शिवलीही नव्हती. युरोपातील मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम होती, आणि निर्यातीपूर्वी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत असे त्या यादीत या रसायनाचे नावच नव्हते.

त्या उन्हाळ्यात तृतीय वर्षाच्या वर्गातील एक मुलगी अडकलेल्या कंटेनरचा प्रयोगशाळेतील अहवाल घेऊन माझ्याकडे आली. दोन पानांचा इंग्रजी कागद होता. घरात इतक्या जणांच्या हातांतून फिरला होता की घडीवर तो फाटायला आला होता. एका आकड्याभोवती वडिलांनी निळ्या पेनाने गोल केला होता. तिने विचारले, “मॅडम, हा नियम कोणी केला, कधी केला, आणि तो आम्हाला कोणी सांगायचा होता?” आंतरराष्ट्रीय राजकारण हाच विषय मी त्या वर्षी तिला शिकवत होते. सत्तासमतोल, शीतयुद्ध, अलिप्ततावाद, संयुक्त राष्ट्रांची अंगे हे सारे आमचे शिकवून झाले होते. जागतिक व्यापार संघटनेची स्थापना 1 जानेवारी 1995, मुख्यालय जिनिव्हा, हेही एका गुणाच्या प्रश्नासाठी मुलांनी पाठ केले होते. तरीही त्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही.

उत्तरे नंतर आम्ही दोघींनी मिळून शोधली. पिकांवरील औषधांच्या अंशांच्या मर्यादा सर्व सदस्य देशांत एकसारख्या करणारा युरोपीय संघाचा नियम 2005 सालचा होता आणि सप्टेंबर 2008 पासून तो पूर्णपणे लागू झाला होता. म्हणजे आमच्या तालुक्याला धक्का बसला त्याच्या आधी दीड वर्ष तो छापील स्वरूपात जगासमोर होता. जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांवर अन्नसुरक्षा आणि वनस्पती-आरोग्यविषयक कराराने असे बंधन घातले आहे की इतरांच्या व्यापारावर परिणाम करणारा नवा नियम आणायचा असेल तर त्याची सूचना आधी द्यायची आणि इतर देशांना हरकती मांडायला वाजवी मुदत द्यायची; साधारणतः ही मुदत 60 दिवसांची असते. प्रत्येक देशात अशा सूचनांबाबत विचारणा करण्यासाठी अधिकृत केंद्र असते. दर महिन्याला अशा सूचनांचा ढीग जिनिव्हाहून निघतो, त्यांतल्या काही थेट आमच्या द्राक्षांशी, डाळिंबांशी, भेंडीशी आणि हळदीशी संबंधित असतात, आणि त्या कोणीतरी वाचाव्यात, समजून घ्याव्यात आणि मुदतीत उत्तर द्यावे अशी सगळी व्यवस्था तयार आहे. वाचणारा माणूस मात्र पिंपळगाव, ओझर, दिंडोरी या पट्ट्यात तयार झालेला नाही. असा माणूस तयार करणे हे राज्यशास्त्राच्या वर्गाचे काम आहे असे मला त्या वर्षापासून वाटू लागले.

राजनय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झेंडे, हस्तांदोलने आणि बंद दाराआडच्या बैठका येतात. राजनयिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराचे तिसरे कलम मुलांकडून वाचून घेतले की हे चित्र हळूहळू बदलते. वकिलातीने काय काम करायचे ते तिथे साध्या शब्दांत दिले आहे: आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करणे, आपल्या नागरिकांच्या हिताचे रक्षण करणे, वाटाघाटी करणे, त्या देशातील परिस्थितीची माहिती काढून मायदेशी कळवणे, आणि आर्थिक, सांस्कृतिक, वैज्ञानिक संबंध वाढवणे. यातले वाटाघाटीचे आणि माहिती काढण्याचे काम आज राजदूतांइतकेच कृषी खात्यातील वनस्पती-रोगतज्ज्ञ, अणुशास्त्रज्ञ, बंदर अधिकारी आणि निर्यातदारांच्या संघटना करतात. हे आमच्या मुलांना सांगायला मला दूर जावे लागत नाही, कारण लासलगाव आमच्याच तालुक्यात आहे.

लासलगाव म्हटले की लोकांना कांदा आठवतो. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर चालणारे विकिरण केंद्र आहे. ते उभारताना विचार कांद्याला कोंब येऊ नयेत हा होता, पण त्याचे नाव जगभर झाले ते हापूसमुळे. अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला सुमारे 18 वर्षे बंद होती, कारण फळमाशी आणि कोयीतील भुंगा यांचा धोका. 2006 साली दोन्ही सरकारांत बोलणी झाली. आंब्याच्या बदल्यात मोठ्या अमेरिकी मोटारसायकलींना भारतात वाट मोकळी करण्याची चर्चा त्या वेळी वर्तमानपत्रांतून गाजली होती. अखेर आंब्याला किमान 400 ग्रे इतकी विकिरण मात्रा द्यायची आणि ती अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली द्यायची, या अटीवर एप्रिल 2007 मध्ये पहिला माल रवाना झाला. देवगड-रत्नागिरीचा आंबा ट्रकने घाट चढून नाशिक जिल्ह्यात येतो, तिथे किरणांखालून जातो आणि मग मुंबईच्या विमानतळाकडे निघतो, हा प्रवास द्विपक्षीय वाटाघाटीने आखलेला आहे. 2020 आणि 2021 च्या हंगामात कोरोनामुळे अमेरिकी निरीक्षक येऊ शकले नाहीत, तेव्हा आंबा उत्तम असूनही अमेरिकेला गेला नाही. 2022 साली नवी व्यवस्था ठरली तेव्हा तो पुन्हा जाऊ लागला. आणि मे 2025 मध्ये तर हवाई मार्गाने गेलेल्या 15 खेपा अमेरिकेतील विमानतळांवर नाकारल्या गेल्या, त्या फळातील दोषामुळे नव्हे तर विकिरणासंबंधीच्या प्रपत्रातील त्रुटींमुळे. तिथेच नष्ट करणे किंवा परत आणणे एवढेच पर्याय उरल्यावर व्यापाऱ्यांनी माल नष्ट करण्यास मान्यता दिली. करारातील एका अटीचे पुढे एका प्रपत्रात रूपांतर होते, ते प्रपत्र कोणीतरी रात्री दहा वाजता घाईत भरते, आणि सबंध खेप त्या कागदावर उभी असते. ही साखळी ज्याला पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत दिसते, तो मनुष्य पॅकहाउसमध्ये (जिथे निर्यातीची फळे निवडून पेट्यांत भरतात तिथे), बंदरावर आणि मंत्रालयात सारखाच मोलाचा आहे.

वर्गात आम्ही फायटोचा, म्हणजे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राचा, एक कोरा नमुना फळ्याशेजारी चिकटवून ठेवला होता. त्याचे मूळ 1951 च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारात आहे. पाठवणाऱ्याचे नाव, मालाचे शास्त्रीय नाव, पेट्यांची संख्या या रकान्यांकडे मुले फारसे पाहत नसत. पण ‘अतिरिक्त घोषणा’ हा रकाना मी लाल खडूने अधोरेखित केला होता. दोन देशांत त्या फळाबद्दल जे ठरले असेल ते त्या रकान्यात दोन-तीन ओळींत उतरते. राजदूतांनी वर्षानुवर्षे केलेली बोलणी तीन ओळींत मावलेली पाहिली की मुलांचे चेहरे बदलतात, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे.

शब्दांकडे लक्ष देण्याची सवय हा या अभ्यासाचा गाभा आहे, आणि तिथेच मी सर्वाधिक वेळ घालवत असे. दर शुक्रवारी दुपारी आम्ही सहा बाके गोलाकार लावत असू, प्रत्येक बाकावर एक देश, आणि मध्ये आठ ओळींचा एखादा मसुदा. नदीचे पाणी सोडण्याचा एक काल्पनिक करार होता. त्यात ‘वरचा देश पाणी सोडील’ असे लिहायचे की ‘पाणी सोडण्याचा प्रयत्न करील’ यावर एकदा दोन तास वाद झाला आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून मला बैठक तहकूब करावी लागली. गोदावरीच्या आवर्तनाची भांडणे घरी ऐकलेली ती मुले. ‘प्रयत्न करील’ या दोन शब्दांत पाण्याचे काय होते हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यानंतर मी त्यांना पॅरिस कराराची हकीकत सांगितली. 12 डिसेंबर 2015 च्या अंतिम मसुद्यात विकसित देशांनी उत्सर्जनकपातीत पुढाकार घेण्याविषयीच्या कलमात, चौथ्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदात, बंधनकारक क्रियापद आले होते. अमेरिकेला ते चालणारे नव्हते, कारण तशा बंधनासाठी सिनेटची संमती लागली असती. अखेरच्या सत्रात ते क्रियापद तांत्रिक दुरुस्ती म्हणून बदलले गेले, ‘केलेच पाहिजे’ याचे ‘करावे’ झाले, आणि करार संमत झाला. नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोला कोळशाबाबत असेच घडले. ‘टप्प्याटप्प्याने बंद करणे’ याऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’ असा बदल भारताने शेवटच्या घटकेला मांडला आणि तो स्वीकारला गेला. त्यावर जगभर टीका झाली, समर्थनही झाले. पण चंद्रपूर आणि कोराडीच्या वीजकेंद्रांवर ज्यांची घरे चालतात त्यांनी तो शब्द कसा ठरला हे तरी जाणून घ्यावे, असे मला वाटते.

सुरक्षा परिषदेचा 22 नोव्हेंबर 1967 चा ठराव क्रमांक 242 हे या बाबतीतले सर्वांत जुने आणि अजून न सुटलेले उदाहरण. त्या वर्षीच्या अरब-इस्रायल युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने माघार घ्यावी असे त्यात म्हटले आहे. इंग्रजी पाठात ‘प्रदेशांतून’ या शब्दाआधी ‘the’ हे निश्चित उपपद नाही, फ्रेंच पाठात ते आहे, आणि माघार सर्व प्रदेशांतून की काही प्रदेशांतून हा वाद त्या फरकाभोवती आजवर चालू आहे. मराठीत असे उपपदच नसल्याने आमच्या मुलांना हा वाद आधी कळतच नसे. मग त्यांच्यापैकी एकाने एकदा सुचवले की आपण ‘सर्व’ हा शब्द घालून आणि वगळून दोन भाषांतरे करू आणि दोन्ही बाजूंना वाचायला देऊ. राजनयिक भाषांतरकाराचे कामच मुळी हे आहे, आणि ते त्या मुलाने कोणी न शिकवता ओळखले.

याच अभ्यासाचा आणखी एक उपयोग मला जवळून पाहायला मिळाला, आणि तो नोकरीपेक्षा मोठा आहे. आमच्या भागातील एक तरुण आखाती देशात कामाला गेला होता. मालकाशी झालेल्या वादातून त्याच्याविरुद्ध तक्रार झाली आणि तो कोठडीत गेला. घरच्यांना आठवडाभर काहीच कळले नाही. त्याचा भाऊ माझा जुना विद्यार्थी. तो पासपोर्टची झेरॉक्स घेऊन एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरून थकला आणि माझ्या दारात आला. वाणिज्य दूतावासविषयक 1963 च्या व्हिएन्ना कराराचे 36 वे कलम मी त्याच्यासमोर उघडले. अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा त्याचा हक्क विनाविलंब सांगणे हे त्या देशाच्या अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. पण त्याच्या दूतावासाला कळवायचे ते तो स्वतः तशी विनंती करील तेव्हा. ‘त्याने विनंती केल्यास’ हे शब्द त्या कलमात आहेत. त्या मुलाने विनंती केलीच नव्हती, कारण दूतावासाला कळले तर आपले नाव काळ्या यादीत जाईल अशी भीती सोबतच्यांनी त्याला घातली होती. निरोप कसाबसा आत पोहोचला, त्याने लेखी मागणी केली, दूतावासातील अधिकारी त्याला भेटले, आणि त्यानंतर प्रकरण पुढे सरकले. गावागावातून आखातात आणि जहाजांवर माणसे जातात. जाण्यापूर्वी त्यांना हे एक कलम मराठीत वाचून दाखवायला किती वेळ लागतो?

कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात तर हेच 36 वे कलम हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. 2016 साली पाकिस्तानने त्यांना ताब्यात घेतल्याचे जाहीर केले, एप्रिल 2017 मध्ये तिथल्या लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला, आणि भारताला त्यांना भेटू दिले गेले नव्हते. पाकिस्तानचा एक युक्तिवाद असा होता की दोन्ही देशांत 2008 साली झालेल्या करारात सुरक्षेच्या कारणावरून अटक झाल्यास प्रत्येक प्रकरण गुणवत्तेवर तपासण्याची मुभा आहे, म्हणून व्हिएन्ना करार येथे लागू नाही. न्यायालयाने व्हिएन्ना कराराचे 73 वे कलम पाहिले. त्यानुसार देश आपापसांत नवे करार करू शकतात, पण ते मूळ कराराला बळकटी देणारे, पूरक किंवा विस्तारणारे असायला हवेत. मूळ हक्क काढून घेणारा अर्थ त्यातून निघू शकत नाही. 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 मतांनी निकाल लागला की पाकिस्तानने कराराचा भंग केला आहे. भारताच्या बाजूने हरीश साळवे उभे होते, जे नागपूरचे आहेत. त्या निकालाच्या दिवशी आपल्याकडे पेढे वाटले गेले, याचा मला आनंदच झाला. पण निकालातील ही दोन कलमांची गुंफण कोणी मराठीत उलगडून सांगितली असती तर कायद्याच्या कितीतरी विद्यार्थ्यांना एक नवी वाट दिसली असती.

कांद्याबद्दल न लिहिता निफाडहून पत्र पाठवणे मला शक्य नाही. सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020 आणि डिसेंबर 2023 अशा तीन वेळा कांद्याची निर्यात अचानक बंद झाली. ऑक्टोबर 2019 मध्ये बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या असता त्यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितले की आधी कळवले असते तर बरे झाले असते, आपण स्वयंपाक्याला कांद्याविना जेवण करायला सांगितले आहे. हे त्या हसत बोलल्या, पण शेजारी देशाच्या प्रमुखाने हसत नोंदवलेली ती तक्रार होती. 2024 च्या मार्चमध्ये निर्यातबंदी चालू असतानाच बांगलादेशाला 50,000 टन आणि संयुक्त अरब अमिरातींना 14,400 टन कांदा सरकारी पातळीवरून देण्याचे ठरले. म्हणजे लासलगावच्या आवारातील कांदा त्या काळात परराष्ट्र संबंधांचे साधन झाला होता, आणि तो पिकवणाऱ्याला त्याचा भाव खुल्या बाजारात मिळत नव्हता. या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलायला दोन्हीकडे मुद्दे आहेत, आणि ग्राहकाची अडचण मला कमी वाटत नाही. पण आमच्या बाजार समित्या आणि शेतकरी संघटना दर वेळी रास्ता रोको करतात, तेव्हा त्यांच्यात एकही जण असा नसतो जो ढाक्याच्या आयातदारांची मागणी किती, पर्यायी पुरवठा कोठून होऊ लागला आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या कोणत्या विभागाशी बोलायचे हे कागदावर मांडून दिल्लीत घेऊन जाईल. वरूड-मोर्शीच्या संत्र्यांचे बांगलादेशाच्या आयात शुल्काने जे हाल झाले तेही याच जातीचे.

हा विषय शिकून मुले करणार काय, असे पालक मला विचारत, आणि तो प्रश्न रास्त होता. मुंबईत परदेशी वाणिज्य दूतावासांची आणि व्यापार कार्यालयांची मोठी संख्या आहे. त्यांच्या व्यापार, सांस्कृतिक आणि माध्यम विभागांत स्थानिक कर्मचारी लागतात, आणि मराठी, हिंदी, इंग्रजीसह आपला प्रदेश जाणणारा माणूस त्यांना हवा असतो. न्हावा-शेवा बंदराभोवती मालवाहतूक आणि सीमाशुल्काची कामे करणाऱ्या शेकडो कचेऱ्यांना मुक्त व्यापार करारांतील मूळस्थानाचे नियम, म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणारे नियम, समजणारी माणसे लागतात. अमिरातींशी झालेला करार 1 मे 2022 पासून आणि ऑस्ट्रेलियाशी झालेला 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे, पण त्यातील सवलत योग्य प्रमाणपत्राविना एका रुपयाचीही मिळत नाही. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर आणलेल्या कार्बन-शुल्काचा माहिती देण्याचा टप्पा ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाला आणि प्रत्यक्ष आकारणीची व्यवस्था 1 जानेवारी 2026 पासून आली. त्या यादीत नट-बोल्टही आहेत. भोसरी किंवा सातपूरच्या लहान कारखानदाराला आपल्या बोल्टमागे किती कार्बन सुटला याचे उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर तयार करणे हे अभियंत्याइतकेच करार वाचणाऱ्याचे काम आहे.

कोकणातील खलाशांसाठी 2006 चा सागरी कामगार करार आहे. भारताने तो 2015 साली मान्य केला, आणि त्यातील नंतरच्या दुरुस्तीप्रमाणे मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले तर थकलेल्या पगारापैकी चार महिन्यांपर्यंतची रक्कम आणि घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळू शकतो. रत्नागिरी-रायगडातील किती घरांना हे माहीत आहे? फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयी करार केला, तेव्हा एका राज्याने दुसऱ्या देशातील राज्याशी बोलणे हेही राजनयाचे अंग झाले आहे. त्याच राज्याची राजधानी श्टुटगार्ट हे शहर 1968 पासून मुंबईचे भगिनी शहर आहे. अशा करारांच्या मागे भाषाशिक्षक, दुभाषे, मसुदाकार, पाठपुरावा करणारे अधिकारी लागतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे. माझ्या दोन विद्यार्थिनी तिथे जपानी शिकल्या आणि आज वाहन उद्योगात दुभाष्याचे काम करतात. त्या मला सांगतात की शब्दांच्या अर्थापेक्षा समोरच्याचा नकार कोणत्या होकारात दडला आहे हे ओळखणे अधिक कठीण, आणि त्याचा सराव शुक्रवारच्या त्या बाकांवर झाला.

इथे एक सावधगिरीची सूचना पालकांना करणे मी कर्तव्य समजते. अलीकडे ‘डिप्लोमसी’ या शब्दाभोवती महागड्या पदविका आणि परदेशवारीची प्रमाणपत्रे विकली जात आहेत. दोन दिवसांच्या अभिरूप संयुक्त राष्ट्रांत (‘मॉडेल यूएन’मध्ये) कोट घालून भाषण केल्याने ना करार वाचता येतो ना नोकरी मिळते. प्रवेश घेण्यापूर्वी एवढेच विचारावे की तेथे मूळ करारांचे पाठ वाचून घेतात का, मसुदा लिहून घेतात का, एक परकीय भाषा आणि थोडे अर्थशास्त्र व कायदा शिकवतात का. उत्तर नाही असेल तर ते पैसे घरी ठेवावेत.

मराठीतून हा विषय शिकवता येणार नाही, असे सहकारी मला अनेकदा म्हणाले. मला ते कधीच पटले नाही. वकील, वकिलात, तह, कलम, सलूख, शिष्टाई, जाबसाल, खलिता हे शब्द आपल्या दप्तरांतून शेकडो वर्षे वावरले आहेत. पेशव्यांचे वकील हैदराबादेहून आणि दिल्लीहून जी पत्रे पुण्याला पाठवत त्यांत त्या दरबाराची माहिती, माणसांची पारख आणि पुढचा सल्ला हे तिन्ही असे. आजच्या राजदूताचे टिपणही तेच असते. मराठे आणि इंग्रज यांच्यातील 17 मे 1782 चा सालबाईचा तह 17 कलमांचा आहे. महादजी शिंद्यांनी मध्यस्थी केली आणि तो पाळला जाण्याची हमी दोन्ही पक्षांना दिली. इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज याने जूनमध्ये त्याला मान्यता दिली, पण नाना फडणवीसांनी ती फेब्रुवारी 1783 पर्यंत लांबवली, कारण इंग्रजांशी लढणाऱ्या म्हैसूरच्या हैदरअलीचा पक्ष हातचा सोडायची त्यांना घाई नव्हती. करारावर सही होणे आणि त्याला मान्यता मिळणे यांतला फरक मी पुस्तकातील व्याख्येने शिकवला तेव्हा मुले पेंगत असत. नानांच्या या नऊ महिन्यांवरून शिकवला तेव्हा एकही डोळा मिटला नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यानुभव आला आहे. राज्यशास्त्राच्या मुलांना त्यासाठी ग्रामपंचायतीत पाठवतात, ते योग्यच आहे. त्यांच्यातील काहींना पॅकहाउसमध्ये, बंदरावरच्या कचेरीत, खलाशांच्या संघटनेत आणि पारपत्र कार्यालयात पाठवावे, अशी माझी विद्यापीठांना विनंती आहे. आणि आपल्या दैनिकाला विनंती अशी की बाजारभावांच्या पानावर आठवड्यातून एकदा, कांदा आणि द्राक्षांच्या दरांशेजारी, महाराष्ट्रातील मालावर परिणाम करणाऱ्या परदेशी नियमांच्या नव्या सूचना मराठीत छापाव्यात. शंभर-दीडशे शब्द पुरतील. हरकतीची अंतिम तारीख मात्र त्यात असावी.

2010 साली तो घडी पडलेला अहवाल घेऊन आलेली मुलगी आज आमच्याच भागातील एका निर्यात संस्थेत कागदपत्रांचे काम पाहते. दर सोमवारी सकाळी ती जिनिव्हाच्या सूचना चाळते, द्राक्षांशी संबंधित असेल ती वेगळी काढते, आणि तिचा मराठी सारांश स्वतःच्या अक्षरात लिहून पॅकहाउसच्या दारावरील फळ्याला लावते. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा फळ्यावर एका बुरशीनाशकाच्या नव्या मर्यादेची नोंद होती, खाली हरकतीची तारीख, आणि त्याखाली तीन बागायतदारांनी आपापल्या फवारणीच्या तारखा पेन्सिलने लिहून ठेवल्या होत्या.

आपली,
राज्यशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
ता. निफाड, जि. नाशिक